कोहळं की कोहळा?

आमच्या वाशीमकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. धाकटी भावजय पुण्याची. तिच्या लेखी कोहळा म्हणजे पेठ्याचा. पुतणीला सहा महिने पुरे झाले, उष्टावण आटोपले आणि पहिल्या भाजीवरूनच घरात शब्दार्थाची चर्चा झडली. मराठीचा प्राध्यापक म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी दोघींनाही पैकीच्या पैकी गुण दिले!

पण खरा वाद पुढेच होता. डॉक्टरांनी बजावले होते : वर्षाच्या आत मीठ-साखर नको, मधाचे तर बोटही नको, त्यातून क्वचित विषबाधा होते. आई दुखावली. "माझी चार पोरं काय हवेवर वाढली?" म्हणून माजघरात जाऊन बसली.

तेवढ्यात वीज गेली. मिक्सर मुका झाला, बाळ रडू लागले. आई मुकाट्याने उठली. वाफवलेल्या फोडी तिने गाळणीवर वाटीच्या बुडाने घोटल्या, वर तुपाचा थेंब सोडला. चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट. डॉक्टरांना हवे होते अगदी तसेच. पातळ पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही.

बाळाने दोन चमचे मिटक्या मारीत खाल्ले.

"आई, उद्याही तुम्हीच घोटा," भावजय म्हणाली.

आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मीठ नाही हो घातलं!"