७० किलोचा दोस्त

वार्षिक परीक्षा संपली रे संपली की घराघरांतून एक हट्ट सुरू होतो. ‘‘आई, कुत्रा आणू या ना!’’ आणि तोही छोटासा नको, चांगला दांडगा हवा! तुमच्या आईबाबांनी लहानपणी ‘बीथोवन’ सिनेमा पाहिला असेल, तर तेही मनातून विरघळतात. त्या १९९२ सालच्या सिनेमातला धटिंगण म्हणजे सेंट बर्नार्ड. आज त्याचीच जरा चौकशी करू.

स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सरहद्दीवर, आल्प्स पर्वतात, ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. उंची सुमारे २,४७० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या वर आणखी आठशे मीटर! तिथं वाटसरूंच्या आसऱ्यासाठी ११व्या शतकापासून एक मठ आहे. १७व्या शतकाच्या अखेरीस मठात ही कुत्री होती, ती राखणीला. पुढे ती बर्फात वाट शोधू लागली, गाडल्या गेलेल्या माणसाचा वास काढून पंजांनी बर्फ उकरू लागली. त्यांतला सर्वांत नावाजलेला बॅरी. त्यानं ४०हून जास्त माणसं वाचवली असं सांगतात. १८१४ साली तो बर्न शहरात म्हातारपणानं मेला. (गळ्यातलं ब्रँडीचं पिंप मात्र चित्रकारांची करामत बरं का! १८२०च्या एका इंग्रजी चित्रानंतर ते जगभर पसरलं.)

आता गंमत ऐका. बॅरी ४०-४५ किलोचा होता. नंतर या कुत्र्यांचा न्यूफाउंडलंड जातीशी संकर झाला आणि लांब केसांची पिल्लं निघाली. पण लांब केसांत बर्फाचे गोळे अडकत. मग अशी कुत्री खाली दरीतल्या लोकांना दिली जात. म्हणजे डोंगरावर कामाला न येणारा सेंट बर्नार्ड माणसांच्या घरी आला! तिथं तो वाढत वाढत आज ६५ ते ८० किलोंचा झालाय.

स्वभावानं हा अगदी भोळा सांब. लहान मुलांचं फार सोसतो. तरी रांगत्या बाळाजवळ त्याला एकट्याला सोडू नका. तो चावेल म्हणून नव्हे, नुसता अंगावर रेलला तरी बाळ खाली! शेपटीच्या एका फटकाऱ्यात चहाचे कप जमिनीवर, आणि लाळ तर विचारूच नका.

खरी अडचण आहे ती उन्हाची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. याच्या अंगावर तर बर्फासाठी शिवलेला दुहेरी कोट! नागपूर-जळगावच्या मे महिन्यात त्याचं काय होत असेल? माझं स्पष्ट मत विचाराल तर तिथं हा कुत्रा आणूच नये. थंड हवेच्या गावीसुद्धा फिरवायचं ते पहाटे आणि रात्री. पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवायचं नाही, कारण असल्या खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ बसू शकतो, आणि मग तासाभराचाही उशीर जिवावर बेततो. म्हणून जेवणही एकदम न देता दोन-तीनदा विभागून द्यायचं.

आणि आईबाबा, हे तुमच्यासाठी. हा साधारण ८ ते १० वर्षं जगतो. मुलगी पाचवीत असताना आणलेलं पिल्लू ती कॉलेजात जाईतो म्हातारं होतं. त्याचे सांधे दुखू लागतात, जिना चढवत नाही. तेव्हा पिल्लू बघायला जाण्याआधी एक प्रयोग करा. गव्हाचं ५० किलोचं पोतं घ्या आणि दोघांनी मिळून आपल्या मजल्यापर्यंत चढवून बघा. लिफ्ट बंद आहे असं समजून. पोतं निदान वळवळत तरी नाही!