चोरलेली फांदी म्हणे जगते!

परवा सकाळी फाटकाशी गेले तर गावठी गुलाबाची फांदी गायब. कापलेली नाही, ओरबाडलेली. पार बुंध्यापर्यंत साल सोलून निघालेली. संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघाला तर समोरच्या वहिनी हसून म्हणाल्या, "अहो बाई, चोरून आणलेलं झाड चांगलं लागतं म्हणतात ना!"

मंडळी, हे वाक्य मी साठ वर्षं ऐकते आहे. साफ खोटं आहे ते.

मुळात लोक चोरतात काय? बहुतेक वेळा मनीप्लांट. त्याच्या पेरापेरावर मुळाचा कोंब आधीच बसलेला असतो. पेर पाण्यात बुडालं की मुळं सुटतात. विकत आणा, मागून आणा नाहीतर चोरून आणा, त्याला काय कळतंय? आणि मेलेल्या चोऱ्या कोण सांगत बसतो? जगलेली एक तेवढी सगळ्यांना दाखवायची.

आता माझा गुलाब घ्या. भर मे महिन्यात ओढून तोडलेली फांदी, टोकाला कळी. ती रुजणार कशी? मुळं नाहीत म्हणजे पाणी ओढायची सोय नाही, आणि पानांतून पाणी उडतच राहणार. दुपारपर्यंत मान टाकली असेल तिने. मागितली असती तर पाऊस लागल्यावर कात्रीने पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी डोळ्याच्या जरा खाली कापून दिली असती. खालची पानं काढून, वर दोन ठेवून. वाळू मिसळलेल्या मातीत लावा, सावलीत ठेवा, पाणी साचू देऊ नका आणि मुळं आली का म्हणून रोज उपटून बघू नका, हेही सांगितलं असतं. चाफा हवा असता तर चीक वाळेपर्यंत काडी चार-आठ दिवस तशीच ठेवा म्हटलं असतं, नाहीतर कुजते. बूड कुठलं नि शेंडा कुठला याची खूण करून दिली असती. माझ्या वर्गातली निम्मी मुलं काड्या उलट्या लावायची! हे सगळं फांदीबरोबर चोरता येत नाही.

माझं नुकसान वेगळंच. हे झाड आईच्या अंगणातल्या काडीपासून केलेलं. ते घर गेलं, अंगणही गेलं. डोळा भरलेले टपोरे गुलाब बाजारात हवे तेवढे मिळतात, पण हा वास त्यांना नाही. फाटलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून टाकलाय, तरी गुलाबाची जखम काळी पडत खाली उतरते, त्याची धास्ती आहेच.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही हं. १९८४ साली सहलीच्या वाटेवर एका बंगल्याच्या कुंपणाचं क्रोटन मी बिनदिक्कत मोडून पिशवीत टाकलं होतं. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांना विचारलंत का?" मी तिला म्हटलं, रांगेत चाल. ते क्रोटन जगलं, अजून गच्चीवर आहे. वहिनींचं वाक्य म्हणूनच जास्त टोचलं.

आणि न देणारे? एक काडी मागितली की "झाडाबरोबर घरातली लक्ष्मी जाते" म्हणून तोंड फिरवणारे? निम्मे चोर त्यांनीच तयार केलेत.

असो. गुलाब वाचला तर आषाढात दहा-बारा काड्या निघतील. हव्या त्यांनी बेल वाजवावी. पुण्याच्या भाच्यांनी माती मात्र घरून आणावी, गेल्या वर्षी माझी सगळी संपवलीत!