जब्याचा दगड

'फँड्री'चा विषय निघाला की आमच्या वेळापुरात एक तक्रार हमखास ऐकू येते. "पिक्चर भारी, पण शेवट अर्धवट सोडलाय राव! पोरगं पुढं कलेक्टर बिलेक्टर झालेलं दाखवायला पाहिजे होतं."

मला हे काही पटत नाही. पोरगं कलेक्टर झालं की आपण टाळ्या वाजवून मोकळे! जिद्द त्याची, यश त्याचं. त्याला हिणवणारं गाव मात्र आहे तिथंच. २०१४ साली थेटरात आलेल्या या सिनेमात नागराज मंजुळे (आपल्याच जिल्ह्यातले, जेऊरचे) ही सोय ठेवत नाहीत. डुक्कर धरताना जब्याच्या घरच्यांची तारांबळ उडते, पडद्यावरचं गाव हसतं... आणि थेटरात आपणही हसतो. मग शेवटी जब्याचा दगड सरळ कॅमेऱ्याकडं येतो आणि पडदा काळा होतो. तो दगड हसणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे आपल्यासाठीच की!

तेव्हा जब्याचं पुढं काय झालं, हे दिग्दर्शकाला कशाला विचारायचं? आपल्या गावातल्या जब्याचं पुढं काय होणार, हे बरंचसं आपल्याच हातात आहे. बघा पटतंय का.