तळे गावाचे, मग तांडा कोणाचा?

22 जुलै 2023 रोजी यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याचे नाव एकाएकी देशभर पोहोचले. आनंदनगर तांड्यास पुराने वेढले होते. सुमारे 45 जण अडकल्याचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. वायुदलाची दोन हेलिकॉप्टरेही मागविण्यात आली. लोकांची सुटका झाली आणि बातमी मागे पडली.

हा पूर एखाद्या तळ्यामुळे आला, असे आमचे म्हणणे नाही. परंतु वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट आणि आषाढ-श्रावणात दारात पूर, ही दोन्ही दुखणी गावाबाहेरच्या छोट्या तळ्यापाशी एकत्र येतात. तळे गाळाने भरले की उन्हाळ्याला पाणी पुरत नाही. जोराच्या पावसात तेच पाणी सांडव्यावरून नाल्यात उतरते. नाल्याकाठी बहुधा तांडा किंवा गावाची शेवटची वस्ती असते.

या भागास जलसंधारणाचा वारसा मोठा आहे. शेजारच्या पुसद तालुक्याने राज्यास दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईकांच्या काळात, 1972 च्या दुष्काळात, कामावरच्या मजुरांनी पाझर तलाव खोदले. सुधाकरराव नाईकांच्या कारकिर्दीत, 1992 साली, जलसंधारणाचे स्वतंत्र खाते झाले. तथापि तळ्याचे मोल ते किती हेक्टर भिजविते यावरच ठरत आले. शंभर हेक्टरपर्यंतचे तळे जिल्हा परिषदेकडे, ही वाटणीसुद्धा त्याच हिशेबाची. ज्याला शेत नाही, ज्याची गुरे तेथे पाणी पितात, ज्याची झोपडी सांडव्याखाली आहे, तो या हिशेबात येतच नाही.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही 2017 ची योजना 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. अल्पभूधारक, विधवा आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातील शेतकऱ्यांस गाळ नेण्यासाठी घनमीटरमागे 35 रुपये 75 पैसे अनुदान ठरले. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ही तरतूद योग्यच. आम्ही तिचे स्वागत करतो. पण अनुदान शेतापर्यंत पोहोचते, सांडवा व नाला मात्र तसाच राहतो.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत तांड्याने हे बोलावे, असे कोणी सुचवील. त्या वेळी तांड्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला दूर गेलेली असतात! ती परततात हंगाम संपल्यावर. म्हणून 1 मेच्या ग्रामसभेत, तीही शक्यतो तांड्यावर भरवून, सांडवा आणि नाल्याची पाहणी हा पहिला विषय ठेवावा. त्यानंतर पावसाला जेमतेम महिनाभर उरतो.