पडद्यावर मान दुखत नाही

माहुलच्या परिसरात दोन तऱ्हेचे चालक दिसतात. पहिले टँकरवाले. १९५०च्या दशकात इथे उभ्या राहिलेल्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांमधून पेट्रोल-डिझेल भरायचे, कागद तपासून घ्यायचे आणि चेंबूरच्या गर्दीतून वाट काढत बाहेर पडायचे, हा त्यांचा रोजचा धंदा. दुसरे रात्री उशिरा येतात. पांजरापोळच्या बाजूने पूर्व मुक्त मार्गावर चढायचे, बोगदा रिकामा दिसला की पाय दाबायचा आणि इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून परत आला की खूश व्हायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. या दुसऱ्या गटातल्या पोरांना हटकले तर एक उत्तर हमखास येते, ‘गाडी कंट्रोलमध्ये आहे.’ हा कंट्रोल आला कुठून? हल्ली बरेचदा तो घरातल्या स्टिअरिंग-पेडलच्या संचातून किंवा मॉलमधल्या सिम्युलेटरच्या खुर्चीतून आलेला असतो.

सिम्युलेटरला खेळणे म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण ते खरे नाही. फॉर्म्युला वनमध्ये हंगामाच्या मध्यावर खऱ्या गाडीने सराव करण्यावर २००९पासून कडक बंधने आली आणि संघांनी कोट्यवधी रुपये सिम्युलेटरमध्ये ओतले. ऑक्टोबर २०११मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली. ५.१२५ किलोमीटरची ती धावपट्टी कोरी होती, कोणीच त्यावर शर्यत केलेली नव्हती. तरी चालक पहिल्याच दिवशी वळणे ओळखत होते, कारण ती त्यांनी आधी पडद्यावर गिरवलेली होती. मुंबईचा जेहान दारूवाला किंवा कोल्हापुरातून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेलेला कृष्णराज महाडिक यांच्या पिढीला हे साधन नवे नाही. महाराष्ट्रातल्या मुलाला तर ते जास्तच गरजेचे, कारण शर्यतीचा मोठा ट्रॅक गाठायचा तर चेन्नई, कोइम्बतूर नाही तर दिल्ली गाठावी लागते. टायर, इंधन, मेकॅनिक आणि प्रवास यांचा हिशेब मांडला तर मध्यमवर्गीय बाप दुसऱ्याच ओळीला वही मिटतो.

आणि पडद्यावरून थेट ट्रॅकवर गेलेली माणसेही आहेत. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११मध्ये ‘ग्रान तुरिस्मो’ या व्हिडीओ गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि खरा शर्यतपटू झाला. त्याच्यावर २०२३मध्ये हॉलीवूडचा चित्रपटही आला. २०१९च्या जानेवारीत मेक्सिकोतल्या ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’मध्ये एन्झो बोनितो या सिम्युलेटरच्या खेळाडूने फॉर्म्युला ईचा माजी विजेता लुकास दी ग्रासी याला खऱ्या गाडीत हरवले. तेव्हा कौशल्य हस्तांतरित होते, यात वाद नाही. नेमके कोणते कौशल्य जाते आणि कोणते मागे राहते, हे मात्र शरीराला विचारावे लागते.

सुरुवात कानापासून करावी लागेल. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोके वळल्याचे सांगतात. त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्यांत चुन्याचे सूक्ष्म खडे चिकट थरावर बसलेले असतात. गाडीने वेग घेतला की खडे मागे सरकतात आणि मेंदूला कळते, आपण पुढे ढकलले जात आहोत. पण डोके मागे कलले तरी ते खडे तसेच सरकतात. वेग वाढला की मान कलली, हा फरक त्यांना एकट्याने करता येत नाही. सिम्युलेटर बनवणारे याच दुबळेपणाचा फायदा घेतात. सहा दांड्यांवर हलणारी खुर्ची हळूच मागे कलवायची, पडद्यावर रस्ता धावता ठेवायचा, की मेंदू फसतो आणि गाडी सुसाट सुटल्याचा भास होतो. युक्ती हुशारीची आहे, पण तिला मर्यादा आहे. खुर्ची कितीही कलवली तरी पाठीवर येणारा जोर माणसाच्या स्वतःच्या वजनापलीकडे जाऊ शकत नाही. फॉर्म्युला वनची गाडी जोरात ब्रेक मारते तेव्हा हा जोर पाचपट होतो. डोके आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरले, तर मानेला तीस-पस्तीस किलोंचा ओढा सोसावा लागतो. एकदा नव्हे, प्रत्येक फेरीत अनेकदा, दीड तास. पडद्यासमोर मान दुखत नाही. फार तर डोळे चुरचुरतात.

पाठीचेही तसेच. गाडीचे मागचे चाक घसरू लागले, की अनुभवी चालकाला ते डोळ्यांआधी बैठकीतून कळते. कंबर किंचित आडवी सरकते आणि हात आपोआप उलटे वळतात. घरच्या सिम्युलेटरवर ही बातमी स्टिअरिंगच्या थरथरीतून आणि चित्रातून येते, म्हणजे थोडी उशिरा आणि वेगळ्या दाराने. म्हणून काही कसलेले चालक सिम्युलेटरवर चाचपडतात. काहींना तर चक्क मळमळते. डोळे म्हणतात पळतोय, कान म्हणतो बसलोय, आणि या भांडणात पोट बिघडते. घाटात एसटीमध्ये पुस्तक वाचणाऱ्याला होते त्याच जातीचा हा त्रास, फक्त उलट्या दिशेने. अमेरिकी नौदलाने हेलिकॉप्टरचे पहिले सिम्युलेटर वापरले तेव्हाच हे लक्षात आले होते. गंमत म्हणजे नवशिक्यांपेक्षा उडवण्याचा अनुभव असलेल्या शिक्षकांना जास्त उमळत होते. ज्याच्या शरीराला खरे काय ते ठाऊक आहे, तेच शरीर खोटे नाकारते. ज्याने खरे कधी अनुभवलेच नाही, त्याला पडदा निमूटपणे पटतो.

मग उष्णता. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी कतारला फॉर्म्युला वनची रात्रीची शर्यत झाली. लोगन सार्जंटला पाणी कमी पडल्याने गाडी सोडावी लागली, एस्तेबान ओकोन हेल्मेटमध्येच ओकला आणि तरीही शर्यत पुरी केली, लान्स स्ट्रोल गाडीतून उतरल्यावर धड उभा राहू शकत नव्हता. ही जगातली सर्वांत तंदुरुस्त माणसे. अग्निरोधक कपड्यांत, तापलेल्या यंत्राच्या कुशीत बसून त्यांच्या अंगातून दोन-तीन किलो पाणी घामावाटे जाते. अंगातले पाणी घटले की हृदयाचे ठोके वाढतात, लक्ष विरळ होते आणि निर्णय चुकतात. सिम्युलेटरच्या खोलीत वातानुकूलन असते आणि शेजारी थंड पेय.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट मोजता येत नाही. पडद्यावर गाडी भिंतीवर आदळली की एक बटण दाबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. शिकण्यासाठी हे वरदान आहे. शंभर चुका फुकटात करता येतात. पण मेंदू फक्त वळण शिकत नाही, परिणामही शिकतो. इथे परिणाम शून्य, हे तो शंभर वेळा शिकतो. २०१५च्या मार्चमध्ये जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगवर त्याच मार्डनबरोची गाडी एका चढाच्या माथ्यावर हवेत उचलली गेली आणि कुंपण ओलांडून पडली. एक प्रेक्षक मरण पावला. ती धावपट्टी गेममध्ये जगभरची पोरे रोज हजारदा फिरतात. गेममधल्या प्रेक्षकाला काही होत नाही.

याबद्दलचा अभ्यासही डोळ्यांआड करण्यासारखा नाही. जर्मनीत पीटर फिशर आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शर्यतीचे गेम खेळल्यानंतर लगेच तरुणांच्या मनात धोका पत्करण्याचे विचार जास्त येतात आणि रस्त्यावरच्या प्रसंगांत ते जास्त धोका पत्करतात, असे दिसले. प्रयोगशाळेतला तेवढ्यापुरता परिणाम आणि आयुष्यभराची सवय यांत अंतर असते, त्यामुळे यावरून प्रत्येक गेम खेळणारा गुन्हेगार ठरवणे मूर्खपणाचे होईल. पण नॉर्वेचा अनुभव यापेक्षा बोलका आहे, आणि त्याचा गेमशी संबंधच नाही. तिथे १९७९पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. हेतू चांगला होता. तरुण पुरुषांचे अपघात मात्र उलट वाढले. घसरलेली गाडी सावरता येते म्हटल्यावर ती घसरेल अशा वेगाने जाण्याची भीती गेली. हातांना जेवढे आले, त्यापेक्षा डोक्याला जास्त आल्यासारखे वाटले.

बोगद्यात पाय दाबणाऱ्या पोराची अडचण हीच आहे. त्याचे हात वाईट नसतात. कदाचित बापापेक्षा चांगले असतील. पण ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते, आणि दचकून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. शर्यतीच्या ट्रॅकवर वळणाबाहेर खडीचे पट्टे असतात, टायरांच्या भिंती असतात, झेंडा दाखवणारा माणूस असतो, दोन मिनिटांवर डॉक्टर असतो. बोगद्याबाहेर उतारावर बंद पडलेला टेम्पो असतो आणि त्याच्यामागे वाकून टायर बघणारा क्लीनर असतो. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेले तेल पाण्यावर तरंगते, ते कोणत्याही गेमच्या नकाशात नसते.

आता पहिल्या चालकाकडे यायला हवे, कारण सिम्युलेटरची खरी गरज त्याला आहे आणि चर्चा मात्र नेहमी दुसऱ्याचीच होते. वीस हजार लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे पंधरा टन वजन, तेही हलणारे. टाकीत कप्पे असतात, आडव्या पडद्या असतात. त्या पुढे-मागे उसळणारा लोंढा बऱ्यापैकी अडवतात, पण डावी-उजवीकडचा हेलकावा त्यांना फारसा रोखता येत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असली किंवा पूर्ण रिकामी असली तर त्रास कमी. एका पंपावर निम्मा माल उतरवून निघालेला टँकर सर्वांत अवघड. वळणावर द्रव बाहेरच्या बाजूला जातो, लगेच उलट वळण आले तर तो परत येताना गाडीला ढकलतो, आणि गाडी ज्या वेगाला उलटणार नाही असे गणित सांगते त्याहून कमी वेगाला उलटते. ब्रेक मारून गाडी थांबली असे वाटते आणि मग मागून द्रवाचा धक्का येतो. टँकरवाल्यांना हे ठाऊक असते, पण ते त्यांना कोणी शिकवलेले नसते. क्लीनर म्हणून वर्षानुवर्षे शेजारी बसून ते अंगात मुरते.

घातक माल वाहणाऱ्या चालकाला कायद्याने जे खास प्रशिक्षण घ्यावे लागते, ते तीन दिवसांचे. तीन दिवसांत रसायनांची चिन्हे, आग लागल्यास काय करायचे, कागदपत्रे, सगळे उरकायचे. चालत्या टँकरचा पुढचा टायर फुटला तर काय होते, ब्रेकची हवा गेली तर किती सेकंद मिळतात, बोगद्यात पुढे धूर दिसला तर कुठे थांबायचे, हे खऱ्या गाडीवर करून बघता येत नाही. इथे पडदाच हवा. इथे ते पुन्हा सुरू करण्याचे बटण फार मोलाचे आहे. वैमानिक दर काही महिन्यांनी सिम्युलेटरवर इंजिन बंद पडल्याचा सराव करतात, आणि त्याला कोणी खेळ म्हणत नाही.

सरकारला सिम्युलेटर मान्यही आहे. १ जुलै २०२१पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर आणि स्वतंत्र चाचणी-पथ असणे बंधनकारक आहे. हलक्या वाहनांसाठी २९ तासांचा, मध्यम व जड वाहनांसाठी ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे. इथपर्यंत उत्तम. खटकते ते पुढचे कलम. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओत पुन्हा वाहन चालवून दाखवावे लागत नाही. म्हणजे शिकवणारा आणि तपासणारा एकच, आणि दोन्ही कुंपणाच्या आत. आरटीओतली चाचणी काय दर्जाची असते, हे परवाना काढलेल्या कोणालाही सांगायला नको. आठ आकडा काढून दाखवला की झाले. पण वाईट चाचणीवर उपाय म्हणून चाचणीच काढून टाकणे हा अजब न्याय आहे. जड वाहनाच्या परवान्याआधी भर रहदारीत, भरलेल्या गाडीसह, त्रयस्थ तपासनीस शेजारी बसवून किमान एक फेरी झालीच पाहिजे. सिम्युलेटरचे तास तिच्या आधी यावेत. तिची जागा त्यांनी घेऊ नये.

कतारच्या त्या रात्रीनंतर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने नियम केला. उष्णतेचा निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल, तर गाडीत चालकाला थंड ठेवणारी यंत्रणा बसवायची. २०२५च्या हंगामात तो लागू झाला. योगायोग असा की आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. मुंबईत मे महिन्यात ३१ अंश ही सकाळची गोष्ट. नियम नव्या गाड्यांना आहे. त्याआधी बनलेले टँकर अजून कित्येक वर्षे माहुलमध्ये भरण्यासाठी रांगेत उभे राहतील, इंजिनाची ऊब पायाशी, पत्रा डोक्यावर, खिडकीत ओला पंचा. दोन-तीन तास तसे बसून झाल्यावर चालक पंधरा टन पेट्रोल घेऊन पहिले वळण घेईल.