पेटी पोचली, पुढे काय?

मी भूलतज्ज्ञ. किडनी प्रत्यारोपणात माझी जागा रुग्णाच्या डोक्याशी, त्यामुळे अवयवाची पेटी आणणाऱ्या ग्रीन कॉरिडॉरची धावपळ मला दिसत नाही. दिसतो तो शेवट. रक्तवाहिन्या जोडून झाल्या की सर्जन क्लॅम्प काढतात. त्याआधी मी मॅनिटॉल दिलेलं असतं, रक्तदाब जरा चढा ठेवलेला असतो. बर्फातली फिकट, करडी किडनी गुलाबी होते आणि सगळे सैलावतात. मी मूत्रवाहिनीच्या तोंडाशी थेंब येतो का, हे सर्जनला विचारत राहतो.

कारण खरी इजा तेव्हाच जोर धरते. रक्ताविना पडलेल्या पेशींत सक्सिनेट साचतं. प्राणवायू एकदम परतला की मायटोकॉन्ड्रिया ते भराभर जाळतात आणि सुपरऑक्साइडसारखे दाहक रेणू बाहेर पडतात. केंब्रिजच्या मायकल मर्फी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे दाखवलं. मग कधीकधी नवी किडनी बसवूनही काही दिवस रुग्णाचं डायलिसिस सुटत नाही.

नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, मग अँटिऑक्सिडंट म्हणून व्हिटॅमिन ईच्या गोळ्या सुरू करू का?" नको. अशीच इजा होणाऱ्या हार्ट अटॅकच्या रुग्णांना सुपरऑक्साइड निकामी करणारं एन्झाइम थेट शिरेतून देऊन पाहिलं, तरी १९९४ च्या चाचणीत हृदयाचं काम सुधारलं नाही. नुकसान पेशीच्या आत आणि पहिल्या काही मिनिटांत होतं. तिथे औषध आधीच हजर हवं. म्हणूनच बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये अवयव ज्यात ठेवायचा त्या द्रावणातच हे रेणू रोखायला ग्लुटाथायोन आणि ॲलोप्युरिनॉल घातलं. (हो, गाऊटवाल्यांचं तेच ॲलोप्युरिनॉल.)

त्याही पुढे गेलं ते यंत्र. २००९ मध्ये युरोपातल्या चाचणीत ३३६ दात्यांची एक किडनी बर्फात ठेवली, दुसरीत यंत्राने थंड द्रावण सतत फिरवलं. पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागणाऱ्यांचं प्रमाण २६.५ टक्क्यांवरून २०.८ वर आलं. दोन्ही किडन्या एकाच दात्याच्या, म्हणजे फरक दात्यामुळे पडला अशी पळवाट नाही. दात्यांपैकी बहुतेक मेंदूमृत होते, आपल्याकडे असतात तसेच.

माझी मागणी साधी आहे. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्राकडे अशी यंत्रं सामायिक असावीत. जिथे किडनी निघेल तिथे ती जावीत. एकेका हॉस्पिटलला हे झेपणार नाही, आणि झेपेल त्याने जाहिरात केलेली मला नको आहे. दर वेळी नवा लागणारा नळ्यांचा संच महाग असतो, हे खरं. तो रुग्णाच्या बिलात न टाकता सरकारने द्यावा, सुरुवात सरकारी रुग्णालयांपासून.

तोवर निदान मोजा तरी. रस्त्यावर वाचलेली मिनिटं पेपरात छापून येतात. क्रॉसमॅचच्या (दाता-रुग्ण जुळणीच्या) निकालात, रिकाम्या थिएटरची वाट पाहण्यात गेलेले तास कुणी सांगत नाही. किडनी थंड केल्यापासून क्लॅम्प निघेपर्यंतचा एकूण वेळ प्रत्येक केंद्राने दरवर्षी जाहीर करावा, हॉस्पिटलनिहाय.