गॅस डिटेक्टरची वायरिंग : स्वस्ताई महागात पडेल

चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपूरची कागद गिरणी आहे आणि २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. शेजारच्या गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोहप्रकल्प उभा राहिला आहे. अशा कारखान्यांतील वायरिंगची लहानमोठी कामे पोटठेक्याने आमचे अनेक कारागीर बांधव घेतात आणि त्यांचा माल आमच्याच दुकानांतून जातो. यांतील एका कामाविषयी आम्हाला आज स्पष्ट बोलावयाचे आहे. ते काम म्हणजे गॅस डिटेक्टर बसविणे.

मिथेनला वास नाही, कार्बन मोनॉक्साइडलाही नाही. हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणूनच खाणीत त्याचे प्रमाण सव्वा टक्क्यावर गेले की वीज तोडावी, असा नियम आहे. हे प्रमाण माणसाच्या नाकाला कळत नाही, यंत्राला कळते. पण त्या यंत्राला वीज नीट मिळाली तरच.

येथेच आमचे लोक चुकतात. कारखान्यातील डिटेक्टरला बहुधा २४ व्होल्ट डी.सी. लागते. 'एवढीशी तर वीज' म्हणून अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक केबल ओढली जाते. आता हिशेब पाहा. अशा तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३६ ओहम असतो. पॅनेलपासून डिटेक्टर ५०० मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन एक किलोमीटर तार झाली. डिटेक्टर २०० मिलिअँपिअर घेत असेल तर सात व्होल्टहून अधिक वाटेतच गेले. उरले १७ च्या आत. पुष्कळ यंत्रांना किमान १८ लागतात. दीड चौरस मिलिमीटरची केबल घातली तर घट अडीच व्होल्टच्या आतच राहते. वीज गेल्यावर बॅटरी २१ व्होल्टपर्यंत उतरली, तरीही यंत्र चालते. आणि धोक्याची वेळ बहुधा वीज गेल्यावरच येते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. डिटेक्टरची लाइन पंख्याच्या किंवा दिव्याच्या सर्किटवरून घेऊ नये. रात्री कोणी एक बटण दाबले की पहारा संपला! वेगळा एम.सी.बी. आणि बॅटरीचा आधार हवाच. सिग्नलची केबल जाळीची असावी आणि मोटारच्या केबलपासून दूर न्यावी. जाळीचे अर्थिंग एकाच टोकाला, पॅनेलकडे करावे. दोन्ही टोकांना केले तर जमिनीतला प्रवाह जाळीतून वाहू लागतो, भोंगा विनाकारण वाजतो आणि कंटाळलेले कामगार तो बंद करून टाकतात. सिग्नल चार ते वीस मिलिअँपिअरचा असतो. गॅस नसतानाही चार असतो, तो याचसाठी की तार तुटली तर शून्य दिसावे आणि बिघाड कळावा. पॅनेलवरचा बिघाडाचा दिवा जंपर टाकून विझविणे म्हणजे पहारेकऱ्याचे डोळे बांधणे होय.

तिसरी गोष्ट पेटीची. ज्वालारोधक पेटीत गॅस शिरत नाही, हा गैरसमज आहे. गॅस शिरतो; आत स्फोट झाला तरी पेटी तो सोसते आणि झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येताना ज्वाला थंड होते. म्हणून एक बोल्ट कमी, झाकणाच्या कडेवर ओरखडा किंवा रिकाम्या छिद्राला टेप, एवढ्याने पेटी साधा डबा होते. ग्लँड आणि प्लग प्रमाणित हवेत. वीज चालू असताना झाकण उघडू नये. आत व्होल्ट मोजावयाचे असतील तर गॅस नसल्याची खात्री करून, कामाचा लेखी परवाना घेऊनच मोजावेत. पावसाळ्यात पाणी केबलवरून ग्लँडमध्ये उतरू नये म्हणून केबलला खालच्या बाजूस वळसा द्यावा.

'कमी दराचेच काम मिळते, आम्ही काय करणार?' असे कारागीर म्हणतील. ही अडचण खरी आहे. पण दरपत्रकात केबलचा आकार, लांबी आणि शेवटच्या टोकाला मिळणारे व्होल्ट लिहून द्या, मग दर का जास्त आहे हे इंजिनिअरला समजेल. एवढे सांगूनही तो बारीक केबलच मागत असेल तर ते काम सोडलेले बरे. व्यापाऱ्यांनीही प्रमाणित ग्लँडच्या जागी दिसायला सारखा माल देऊ नये. स्फोटक वायूच्या जागी लागणाऱ्या विद्युत उपकरणांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. प्रमाणपत्र मागून घेणे अवघड नाही. खाणीच्या आतली कामे मात्र खाणीने नेमलेल्या अधिकृत माणसांनीच करावीत.

आमच्या मुलांनी आय.टी.आय.मधील वायरमन आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे अभ्यासक्रम करावेत आणि वायरमनचा परवाना काढावा. काम संपल्यावर मेन बंद करून, बॅटरीवर, चाचणीच्या गॅसने भोंगा वाजवून दाखवावा आणि ते वहीत लिहून सही घ्यावी. त्या भोंग्याच्या भरवशावर आत उतरणारा हेल्पर बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. केबलमध्ये वाचविलेले दोन पैसे त्याच्या जिवापेक्षा मोठे नाहीत.